रस्त्याकडची ओळ

उर्वशीच्या शोधनिबंधासाठी एकाही उंदराचा जीव गेला नव्हता. तिचे मार्गदर्शक शालिकराम सर हे वाक्य प्रत्येक परिसंवादात अशा काही स्वरात उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावे, अहिंसेचा पुढचा टप्पा भोपाळच्या त्यांच्या विभागातच गाठला गेला आहे. खरे कारण साधे होते. विभागाच्या प्रयोगशाळेला कुलूप होते, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते याविषयी विद्वानांत मतभेद होते.

तेव्हा संशोधन संगणकावर चाले. त्याची कृती अनारशांपेक्षा पुष्कळ सोपी. एखादी चिनी वनौषधी घ्यावी. तिच्यात कोणती रसायने आहेत ते एका तयार माहितीसाठ्यातून उतरवून घ्यावे. ती रसायने माणसाच्या शरीरातल्या कोणत्या प्रथिनांना जाऊन चिकटू शकतील, याचे भाकीत दुसऱ्या एका संकेतस्थळाकडून करवून घ्यावे. यकृताच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या प्रथिनांची यादी तिसरीकडून आणावी. जी प्रथिने दोन्हीकडे सापडतील ती निवडून एकमेकांना रेषांनी जोडावीत, म्हणजे कोळ्याचे एक देखणे जाळे तयार होते. ज्या प्रथिनाला सर्वांत जास्त रेषा येऊन मिळतात ते औषधाचे 'लक्ष्य' म्हणून जाहीर करावे. शेवटी त्या प्रथिनाच्या खोबणीत औषधाचा रेणू बसतो का, हे संगणकालाच विचारावे. बसतो, असे संगणक म्हणतो. शालिकराम सरांच्या कारकिर्दीत त्याने अजून कोणालाही नकार दिलेला नव्हता.

याच कृतीने सरांनी ज्येष्ठमध, आले, कमळाचे देठ अशा अनेक निरुपद्रवी वनस्पतींना कर्करोगावर सोडले होते. निबंध तोच राही, वनस्पती बदले. उर्वशीच्या वाट्याला 'चेनपी' आली.

चेनपी म्हणजे संत्र्याची वाळवलेली साल. चीनमध्ये ती वर्षानुवर्षे जपून ठेवतात. जितकी जुनी तितकी गुणी मानतात. उर्वशी सौंसरजवळच्या बोरगावची, संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली. ही साल तिने जन्मापासून दोनच ठिकाणी पाहिली होती, एक उकिरड्यावर आणि दुसरी दिवाळीच्या उटण्यात. पण माहितीसाठा चिनी असल्यामुळे, विद्वत्तेच्या उंबऱ्यात पाऊल टाकण्याआधी बोरगावच्या सालीला चीनला जाऊन यावे लागले. परत आली ती नवे नाव घेऊन. परदेशी शिकून आलेल्या पाहुण्याकडे पाहावे तसे उर्वशी तिच्याकडे पाहू लागली होती.

निबंध छापून आला. एरवी असे निबंध छापून येतात आणि कोणाचे काही बिघडत नाही; तेवढी एकच गुणवत्ता त्यांच्या बाबतीत खात्रीने सांगता येते. या वेळी मात्र सरांनी वर्तमानपत्राकडे एक टिपण धाडले, आणि तिथल्या उपसंपादकाने 'संभाव्य', 'संगणकीय' आणि 'भाकीत' हे शब्द जागेअभावी गाळले. उरला तो मथळा: 'संत्र्याची साल करणार लिव्हर कॅन्सरचा नाश, सौंसरच्या शेतकरीकन्येचा शोध'.

पुढच्या आठवड्यात सौंसरपासून लोधीखेड्यापर्यंत छपरांवर नारिंगी वाळवण पसरले. मोहगावच्या एका मंडळाने उर्वशीचा सत्कार ठरवला. शालही नारिंगी निवडली. वसतिगृहाच्या खोलीत बसून ही सगळी छायाचित्रे उर्वशी फोनवर पाहत होती, आणि कबूल करायला हरकत नाही, तिला बरे वाटत होते. तेवढ्यात मोठ्या आईचा, म्हणजे थोरल्या काकूचा, फोन आला.

"उर्वशी, तुह्या मोठ्या बाबानं नागपूरची तारीख सोडली."

मोठे बाबा म्हणजे भगवंतराव, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यानंतर त्यांनीच तिला वाढवले, शिकवले, आणि गावातली मंडळी लग्नाचे विचारू लागली की "पोरगी अजून कॉम्प्युटरवर आहे" एवढ्या उत्तरावर सर्वांना परतवले. दिवाळीनंतर त्यांच्या यकृतात लिंबाएवढी गाठ निघाली होती. नागपूरच्या सर्जनने शब्दांचा अपव्यय केला नव्हता. गाठ एकच आहे, कडेला आहे, बाकीचे यकृत शाबूत आहे. आत्ता कापून काढता येईल. सहा महिन्यांनी याच खुर्चीत येऊन बसाल, तेव्हा मला हे वाक्य बोलता येणार नाही.

"सोडली म्हणजे?" उर्वशीने विचारले.

"सोडली म्हणजे सोडली. म्हणते, घरचं औषध असताना पोट कायले फाडू? सालीचा काढा पिऊन राहिले दोन्ही वेळ. आणि कालपासून तं गजबच. चीनवाले जुनी साल वापरते म्हणे. म्हणून माह्या उटण्याचा डबा काढला. त्यातली सालीची भुकटी वेगळी बांधून ठेवली होती मी, तेवढी उकळून राहिले. अंगाले लावाचं पिऊन राहिले, बाई."

उर्वशीला हसू आले आणि ते अर्ध्या वाटेत थांबले.

"मी येते, मोठी आई."

"ये. मी काही बोलली तं म्हणते, उर्वशीपेक्षा तुले जास्त समजते का? आता यावर मी काय बोलू?"

पांढुर्ण्याच्या स्टेशनाबाहेर भगवंतरावांचा मुलगा वैभव मोटारसायकल लावून उभा होता.

"या, शास्त्रज्ञबाई. हार आता घालू, का मोहगावची वाट पाहू?"

"मोठे बाबा कसे आहेत?"

"झकास. पेशंट झकास, घरचे बिमार. डिंपल काढा गाळून राहिली, आई डोळे पुसून राहिली, मी सालपटं वाळवून राहिलो. पाहुणा आला तं त्याले संत्रा खाऊ देत नाही. म्हणते, आधी सोल, साल इकडे ठेव, मंग खा."

"तू समजावलं नाही?"

"मी बी.कॉम. माणूस. मी तोंड उघडलं का म्हणते, घरात पीएचडी असताना तू मधात कायले बोलतं? तूच समजाव आता. तुहंच औषध, तुहाच पेशंट."

उर्वशी मागे बसली. सौंसरचा रस्ता लागला तसा वैभव मान न वळवता म्हणाला, "तुह्या त्या सरांले बोलाव ना इकडे एकदा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बोलाव, गोटमारीले. इकडून पांढुर्णा दगड मारते, तिकडून सावरगाव. आपण जाम नदीच्या मधात खुर्ची टाकून देऊ त्यायच्यासाठी. सत्कार म्हणून."

भगवंतराव ओसरीवर बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर, कुलदेवतेच्या तसबिरीशेजारी, वर्तमानपत्राचे ते कात्रण काचेत मढवून लावले होते. कुलदेवतेला थोडे सरकावे लागले होते. हातात तांब्याचा गडू, आणि गडूत जगातल्या कुठल्याही रोगाला पळवून लावील असा वास.

"ये बेटा. पाय, रंग पाय माह्या तोंडाचा. फरक पडून राहिला का नाही?"

"किती दिवस झाले?"

"दिवसाचं काय घेऊन बसली? गुण येते तं पहिल्या घोटात येते."

उर्वशी त्यांच्या पायाशी बसली आणि जे भोपाळच्या परिसंवादात कोणी विचारले नव्हते ते सगळे न विचारता सांगू लागली. संगणकाने भाकीत केले आहे, इलाज नाही. ही साल पोटात गेल्यावर यकृतापर्यंत पोचते का, हेही तिने तपासलेले नाही.

"भाकीतच ना?" भगवंतराव म्हणाले. "हवामानवाले पण भाकीतच सांगते. मी त्यायच्या भाकितावर फवारणी करतो. तू तं माह्या घरची. तुह्या भाकितावर काढा नको पिऊ?"

"तुमचं ऑपरेशन थांबलं ना पण."

"थांबलं नाही, पुढे गेलं. आधी घरचा इलाज, नाही जमला तं नागपूर. नागपूर काही पळून नाही चाललं."

"गाठ पळते, मोठे बाबा."

त्यांनी गडू खाली ठेवला. "मले एक सांग. तू खोटं लिहिलं का?"

निबंधात एकही वाक्य खोटे नव्हते. प्रत्येक आकडा संगणकाने दिलेला, प्रत्येक संदर्भ तपासलेला. असत्याचा आरोप झाला असता तर तिला बचाव करता आला असता. तिने लिहिलेले त्याहून वाईट होते. ते खरे होते आणि त्याला काही अर्थ नव्हता. आणि विद्यापीठात अशा लेखनाला शिक्षा नसते, पदवी असते.

"खोटं नाही," ती म्हणाली.

"मंग झालं," भगवंतराव म्हणाले, आणि गडू उचलला.

दुपारी तिला एक युक्ती सुचली. शिकलेल्या माणसाला सुचावी तशीच ती होती, म्हणजे कागदावर निर्दोष. ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"मोठी आई, मटणाच्या रश्श्यात काय काय टाकता तुमी? सगळं सांगा."

"तुले रस्सा पाहिजे का? आज तं वार आहे."

"खायचा नाही. कॉम्प्युटरले द्यायचा आहे."

मोठ्या आईने या घरात आता कशाचेच आश्चर्य करायचे नाही असे ठरवले होते. तिने धने, जिरे, लवंग, दालचिनी, खसखस, तेजपान आणि लसूण ओळीने सांगितले. बहुतेक सगळे जिन्नस त्या चिनी यादीत सापडले. मटण तेवढे वगळावे लागले. उर्वशीने कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत केली, चेनपीची केली होती तश्शीच. ओसरीवर भगवंतराव, वैभव आणि त्याची बायको डिंपल पडद्याभोवती जमले. जाळे विणले गेले. मधोमध तीच प्रथिने येऊन बसली जी चेनपीच्या जाळ्यात बसली होती, जी ज्येष्ठमधाच्या आणि आल्याच्या जाळ्यांतही बसली होती. वरात कोणाचीही असो, पहिल्या पंगतीला ठरलेलेच चार पाहुणे दिसावेत, तसा प्रकार. शिवाय रश्श्याला चेनपीपेक्षा रेषा जास्त आल्या होत्या.

"पाहा," उर्वशी विजयी स्वरात म्हणाली. "या हिशोबानं मोठ्या आईचा रस्सा पण लिव्हरच्या कॅन्सरवर औषध आहे. सालीपेक्षा चांगलं औषध. आता सांगा, या भाकिताले काही अर्थ आहे का?"

भगवंतरावांनी पडदा बराच वेळ न्याहाळला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"माहे आजे हेच सांगत," ते म्हणाले. "सगळ्यात काही ना काही गुण असते. म्हणजे साल पण औषध, रस्सा पण औषध. वा. डिंपल, उद्या वार नाही ना?"

"डॉक्टरनं तेल बंद सांगितलं बाबुजीले," डिंपल चाचरत म्हणाली.

"डॉक्टरले हे चित्र दाखव."

वैभव तोंडावर रुमाल धरून उठून गेला. तर्कशास्त्राच्या ग्रंथांत या पेचाला उत्तम उत्तर दिलेले आहे. पण ते ओसरीवर चालत नाही, कारण ओसरीवर ज्याला भीती वाटते आहे त्याने प्रमेय नाकारण्याआधी चाकू नाकारलेला असतो. उर्वशीने लॅपटॉप मिटला. आपण लिहिलेल्या निबंधामागे एक माणूस लपून बसला आहे, आणि निबंध जितका भक्कम दिसेल तितका तो सुखाने लपेल, हे तिला पहिल्यांदा नीट दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगीचा पाहायला पांढुर्ण्याचा व्यापारी आला. हिवाळ्याअखेर फुललेला आंबिया बहाराचा संत्रा उतरून झाला होता. पलीकडच्या बगीच्यातला, पावसाळ्यात फुललेला मृग बहार अजून झाडावर होता, आणि या भागात सौदा झाडावरच होतो. व्यापारी येतो, झाडांवर नजर फिरवतो, एका झाडाचा अंदाज साऱ्या बगीच्याला लावतो आणि भाव बोलतो. व्यापाऱ्याचे नाव गुणवंता. पांढरे बूट घालून बगीच्यात येणारा माणूस, यावरून त्याचा धंदा बरा चालत असावा.

भगवंतरावांनी त्याच्यासाठी खुर्ची टाकून ठेवली होती. ती रस्त्याकडच्या पहिल्या ओळीत, दुसऱ्या झाडाखाली. या ओळीची झाडे पाहून कोणाचेही मन भरावे. शेणखताचा मान त्यांचा, ठिबकची नवी नळी त्यांना, फांद्या फळांनी इतक्या वाकलेल्या की जागोजागी बांबूचे टेके दिलेले. चहा आला, पोहे आले, गुणवंताच्या मुलीच्या लग्नाची चौकशी झाली.

"मागच्या ओळी पाहून घेतो एकदा," गुणवंता उठत म्हणाला.

"पाहा ना, भाऊ. तुमचाच बगीचा," भगवंतराव म्हणाले. "फक्त ओलीत चालू आहे मागे. सकाळीच पाणी सोडलं पोरानं. घोट्यापर्यंत पाय फसते."

गुणवंताने आपल्या बुटांकडे पाहिले. मग त्याने समोरच्या झाडाकडे पाहिले, बोटांवर काही हिशोब केला आणि खाली बसला. उर्वशी चहाचे कप उचलायला आली होती. लहानपणापासून ती हा प्रसंग दर वर्षी पाहत आली होती. व्यापारी यायच्या दिवशी मागच्या ओळींना नेमकी तहान लागते, हे या घरातल्या गाईलाही ठाऊक होते. मागच्या ओळींत डिंक्या रोगाने खोडे पाझरत होती, अर्धी झाडे नुसती उभी होती. ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

गुणवंता फोनवर बोलत फाटकाकडे गेला तेव्हा ती त्याच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

"मोठे बाबा, गुणवंताजी मागं कावून नाही गेले?"

"बूट खराब होते ना त्यायचे," भगवंतरावांनी डोळा बारीक केला.

"माह्या कॉम्प्युटरचे पण बूट पांढरे आहे."

"म्हणजे?"

"शरीरात हजारो प्रथिनं आहे. पण जगातले शास्त्रज्ञ त्यातल्या थोड्याशाच प्रथिनांवर वर्षानुवर्षं काम करून राहिले. खत तिथेच, पाणी तिथेच, टेके तिथेच. म्हणून सगळी माहिती तिथेच लदलेली आहे. ते रस्त्याकडची ओळ आहे. मी साल टाकली, रस्सा टाकला, काहीही टाकलं, तरी कॉम्प्युटर मले त्याच ओळीत खुर्ची टाकून देते. म्हणते, पाहा किती फळ आहे. मी इथेच बसून सारा बगीचा मोजला, मोठे बाबा. चहा पिली आणि निबंध लिहिला. मागं गेलीच नाही."

भगवंतरावांनी वाकलेल्या फांदीवरच्या एका फळाला उगाच हात लावला.

"मंग मागं काय आहे?"

"माहीत नाही. चांगलं असन, नाही तं डिंक्या असन. मी तं पाहिलं नाहीच, आणि सरांले पाहायचं नव्हतं."

"आणि तो नागपूरवाला?"

"तो चिखलात उतरला. सीटी स्कॅन म्हणजे तेच ना. त्यानं साऱ्या जगाचा बगीचा नाही पाहिला, तुमचं एकच झाड पाहिलं, जवळ जाऊन. तो सांगून राहिला, एक फांदी खराब आहे, आत्ता तोडली तं झाड वाचते."

ज्या माणसाने आयुष्यभर रोगट फांद्या तोडून कापल्या जागी मोरचूद-चुन्याचा बोर्डो लेप लावला, त्याला याहून जास्त समजावण्याची गरज नव्हती. फाटकाजवळ गुणवंता फोनवर हसत होता.

"भीती लागते व," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पोट उघडतीन. अजून आत काय निघन कोणाले माहीत. मागच्या ओळीत जावं लागते, हे मले गुणवंतापेक्षा जास्त समजते. म्हणून तं काढा पिऊन राहिलो."

उर्वशीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गुणवंता आता मागं गेला तं काय करन?" त्यांनी विचारले.

"सौदा मोडन."

"आणि तू? तुले तं समजलं. तू तुहा सौदा मोडला का?"

"निबंध मागं घेतला तं माही डिग्री अटकते."

"हाव. आणि माहं पोट फाटते." त्यांनी गडू मातीत उलटा केला. "पाय बेटा, भिंतीवर तुहं कात्रण आहे तोपर्यंत माह्या मनातून काढा जात नाही. आधी तू तोड. मंग मी."

शालिकराम सरांनी फोन दुसऱ्या घंटीला उचलला.

"उर्वशी, तू भावनिक होते आहेस," सर्व ऐकून घेतल्यावर ते म्हणाले. "निबंधात 'संभाव्य' हा शब्द किती वेळा आला आहे ते पाहिलंस? आपण कोणालाही काढा प्यायला सांगितलेला नाही. कोणी प्यायला असेल, तर तो त्याचा वाचनदोष आहे."

"वर्तमानपत्राला टिपण आपण पाठवलं होतं, सर."

"विज्ञानाचा प्रसार ही आपली जबाबदारी आहे."

"सर, मी काल घरच्या रश्श्याचा मसाला याच पद्धतीने तपासला. तीच प्रथिनं आली. चेनपीपेक्षा चांगली आली. या पद्धतीला कशालाच नाही म्हणता येत नाही."

पलीकडे शांतता पसरली. उर्वशीला क्षणभर वाटले, शेवटी एका विद्वानाला लाज वाटली.

"ती फाइल पाठव," सर म्हणाले. त्यांचा आवाज उजळला होता. "पारंपरिक प्रादेशिक मसाला. हे कोणीच केलेलं नाही. आणि चीनपेक्षा स्वदेशी बरं, अनुदानाला सोपं जातं. पहिलं नाव तुझंच ठेवू."

उर्वशीने फोन ठेवला. मग ओसरीवर बसून तिने नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिले. या पद्धतीने कोणतीही वनस्पती औषध ठरते, मी स्वतः घरच्या मसाल्यावर करून पाहिले आहे, सोबत पुरावा जोडला आहे. निबंधाचे निष्कर्ष मागे घ्यावेत. तशाच आशयाचे चार ओळींचे पत्र वर्तमानपत्राला गेले. भगवंतराव शेजारी उभे राहून पाहत होते. पत्र गेल्याचा आवाज आला तेव्हा ते खुर्चीवर चढले, भिंतीवरचे कात्रण काढले आणि कुलदेवतेला पुन्हा मधोमध केले.

"वैभव, नागपूरले फोन लाव," ते वरूनच म्हणाले. "म्हणाव, म्हातारा येऊन राहिला. सुरीले धार लावून ठेवा."

नियतकालिकाने पत्र मिळाल्याचे कळवले आणि विषय विचाराधीन ठेवला. वर्तमानपत्राने खुलासा छापला, चौथ्या पानावर, हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीखाली. म्हैस वर्णनासकट होती. मोहगावच्या मंडळाचा उत्साह मोठा होता. शाल आणलेलीच होती, तेव्हा त्यांनी सत्कार रद्द केला नाही, फक्त सत्कारमूर्ती बदलली आणि शालिकराम सरांना बोलावले. लोधीखेड्याच्या छपरांवरची वाळवणे अजून काही दिवस तशीच होती, कारण खुलाशाला पाय असतात आणि मथळ्याला पंख.

निघायच्या सकाळी भगवंतराव गाडीत बसले. काच खाली करून त्यांनी वैभवला जवळ बोलावले. मोठ्या आईला वाटले, आता निरवानिरवीचे काही बोलतील. तिने पदर तोंडाशी नेला.

"गुणवंता परवा पक्का सौदा करायले येईन," भगवंतराव म्हणाले. "मागच्या ओळीले रात्रीच पाणी सोडून ठेव."

उर्वशीने पुढच्या सीटवरून मागे वळून पाहिले.

"तू काय पाहून राहिली?" ते म्हणाले. "मी माहं पोट उघडून दाखवतो म्हटलं. बगीचा नाही."

शस्त्रक्रिया लांबली. सर्जन बाहेर आला तेव्हा त्याने मास्क हनुवटीवर ओढला आणि सांगितले, गाठ कडेच्या निरोगी भागासकट निघाली आहे, आत दुसरे काही दिसले नाही, पण यापुढे ठरलेल्या वेळी तपासणीला यावे लागेल आणि त्याऐवजी काही पिऊन चालणार नाही. शेवटचे वाक्य तो उर्वशीकडे पाहून म्हणाला. तिने मान खाली घातली. आपल्यावर कोणी रागावले याचे एवढे समाधान तिला आजवर कधी वाटले नव्हते.

भगवंतरावांना वॉर्डात हलवले त्या दिवशी दुपारी मोठी आई खाटेशेजारी स्टुलावर बसून उर्वशीसाठी घरचा संत्रा सोलत होती. उर्वशीच्या फोनवर सरांचा निरोप आला. नारिंगी शालीतले छायाचित्र होते, आणि खाली विचारले होते, मसाल्याची फाइल केव्हा पाठवतेस? त्याखाली विभागाच्या कार्यालयाचे एक उत्तर होते. बोरगावहून निघताना तिने प्रयोगशाळेच्या किल्लीसाठी केलेला अर्ज मिळाला असून किल्लीचा शोध सुरू आहे. तिने फोन उशाच्या टेबलावर पालथा ठेवला.

मोठ्या आईने साल मुठीत गोळा केली आणि कचऱ्याच्या डब्याकडे वळली.

"फेकू नको," खाटेवरून आवाज आला.

तिघींचे हात जागच्या जागी थांबले. दारात उभ्या डिंपलने तर पाण्याचा ग्लास खाली ठेवला. भगवंतरावांचे डोळे मिटलेलेच होते, ओठ कोरडे पडले होते.

"उटण्याले ठेव," ते म्हणाले. "डबा मीच रिकामा केला ना."